टोकावरचा नारंगी रंग

मगरिबच्या आधीचा तासभर अब्बा भाट्याच्या खाडीवर गळ टाकून बसतात. कुवेतहून कायमचे परतल्यापासून त्यात खंड नाही. गेल्या वर्षी मात्र ते रोज रिकाम्या हाताने येऊ लागले. मासा आमिष खाऊन जायचा, पण काठीचे टोक हललेले त्यांना दिसायचेच नाही. मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशनचे नाव काढले की ते विषय बदलत. "काठीच म्हातारी झालीय," म्हणायचे. मग आम्ही दोघा भावांनी काठीच हातात घेतली.

गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्या असतात. त्या धाग्याने घट्ट बांधतात आणि धाग्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर देतात. टोकाजवळच्या थरात रंग मिसळला की टोक संधिप्रकाशातही दिसेल, एवढाच आमचा हिशोब. रेझिन आणि हार्डनर सारख्या मापाने, वेगवेगळ्या सिरिंजने घेतले. इथपर्यंत बरोबर. मग मुलीच्या दप्तरातला नारंगी ॲक्रिलिक रंग चांगला चमचाभर ओतला. त्या रंगात पाणी असते, हे ध्यानातच आले नाही. मिश्रण ढगाळले आणि तीन दिवसांनीही बोटाला चिकटतच होते. अब्बा येऊन बघत, काही बोलत नसत. ते आम्हाला जास्त लागले.

सगळे गरम करून, नखाने खरवडून काढले. ब्लेड जरा खोल गेले असते तर काठी कामातून गेली असती.

दुसऱ्या वेळी इपॉक्सीसाठीचीच कोरडी रंगपूड आणली. ती आधी नुसत्या रेझिनमध्ये गुठळी न ठेवता घोटली, मग हार्डनर घातला. पूड शेकडा पाचाच्या आतच. जास्त झाली तर थर नीट घट्ट होत नाही. काळ्या काठीवर नारंगी थेट दिला तर मळकट दिसतो, म्हणून खाली पांढरा थर, तो सुकल्यावर नारंगी, आणि घासला जाऊ नये म्हणून शेवटी वर बिनरंगी. (हातमोजे घालावेत. आमच्यापैकी एकाची बोटे आठवडाभर खाजत होती.)

थर घट्ट होईपर्यंत काठी सतत फिरती ठेवावी लागते, नाहीतर ओघळ येतो. मोडक्या मायक्रोवेव्हची मोटर जोडली होती. नारंगी थर दिला त्याच रात्री लाइट गेली. आम्ही पाळीपाळीने हाताने फिरवू लागलो. बाराच्या सुमारास अब्बा उठून आले, स्टूल ओढून बसले. "द्या इकडे. ह्याला काय बघावं लागत नाही," म्हणाले आणि लाइट येईपर्यंत तेच फिरवत राहिले.

पुढच्या जुम्याला खाडीवर टोक हलले. आम्ही तोंड उघडायच्या आत अब्बांनी हिसका दिला होता. लहानशी तांबोशी निघाली. परतताना त्यांनी आम्हाला काठी घेऊन पुढे चालायला लावले, टोक कुठवर दिसते ते बघायला. वीसेक पावलांवर मागून आवाज आला, "आता नाही दिसत."

सोमवारी आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.