खोलीचा भाव आणि खोलीची पडतळ

आडतीवर बसणाऱ्या माणसाला भाव आणि पडतळ यांतील अंतर कोणी शिकवावे लागत नाही. तुरीचा क्विंटलचा भाव पावतीवर दिसतो. परंतु हमाली, तोलाई, बारदाना, गाडीभाडे आणि घट धरून माल दुकानात कितीला पडला, यावरच धंद्याचे गणित ठरते. आश्चर्य असे की, हाच माणूस परगावी मुक्कामासाठी खोली घेताना मात्र मोबाइलच्या पडद्यावरील भाव तेवढा पाहतो. विमानतळाजवळच्या हॉटेलच्या बाबतीत ही चूक विशेष महाग पडते, कारण तेथील मुक्काम थोड्या तासांचा असतो आणि त्या प्रत्येक तासामागे विमानाची वेळ उभी असते.

बार्शीच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न सप्टेंबरच्या अखेरीस आला. मुलगा उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाला होता. विमान मुंबईहून, पहाटे तीनच्या सुमारास. निरोपाला आई, वडील आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. वडिलांचा पहिला विचार अस्सल व्यापारी होता : संध्याकाळी मुंबई गाठावी, मध्यरात्रीपर्यंत विमानतळावर बसावे आणि मुलगा आत गेला की परत फिरावे. पण निरोप देणाऱ्यांना सामान्यतः टर्मिनलच्या दाराशीच थांबावे लागते. बाहेरच्या पदपथावर, बॅगांच्या राशीजवळ, आजींनी सहा-सात तास बसायचे कसे? आजींनी स्वतः काही मागितले नाही. एवढेच म्हणाल्या, "पोराजवळ एक दिवस निवांत बसायला मिळावं, मग जागा कसली का असेना." त्या एका वाक्याने खोली घेण्याचे ठरले. कोणती घ्यावी, हे मात्र ठरायचे होते.

जागेचा नकाशा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे दोन चेहरे आहेत. टर्मिनल १ पश्चिम द्रुतगती महामार्गालगत, विलेपार्ले-सांताक्रूझच्या अंगाला आहे. तेथून देशांतर्गत विमाने सुटतात. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या भव्य इमारतीतून परदेशी व देशांतर्गत अशी दोन्ही उड्डाणे होतात. दोहोंच्या मध्ये धावपट्ट्या पसरलेल्या आहेत. त्यामुळे नकाशावर हातभर दिसणारे अंतर रस्त्याने वळसा घालून कापावे लागते. हॉटेलच्या नावात 'मुंबई एअरपोर्ट' असते, पण कोणत्या टर्मिनलचे, ते नाव सांगत नाही. त्यात आता नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. म्हणून तिकिटावर 'बीओएम' ही अक्षरे आहेत की 'एनएमआय', हे पाहिल्याशिवाय खोलीचा विचारही करू नये.

सहारच्या सभोवती मरोळ, चकाला, साकीनाका हा परिसर आहे. एके काळची गावठाणे आता कचेऱ्या, गोदामे आणि हॉटेले यांच्या दाटीत दडली आहेत. टर्मिनल १ जवळ १९७० च्या दशकात एअर इंडियाच्या उपकंपनीचे सेंटॉर हॉटेल उभे राहिले. आज त्याच वास्तूत सहारा स्टार आहे. त्या काळी विमानतळाजवळ राहणे हा श्रीमंतांचा किंवा वैमानिकांचा प्रांत होता. मध्यमवर्गीय प्रवासी दादरला किंवा भुलेश्वरला नातेवाइकांकडे उतरत असे. आता नातेवाइकांची घरे आक्रसली आहेत आणि विमाने मध्यरात्रीची झाली आहेत.

साखळी म्हणजे काय

साखळी हॉटेलांच्या जन्मामागेही कुटुंबाचा हिशेब आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरातील केमन्स विल्सन हे बांधकाम व्यावसायिक पाच मुलांना घेऊन सहलीला निघाले. वाटेतल्या मुक्कामांत प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा मागितले जात आणि खोली कशी निघेल याचा भरवसा नसे. चिडून परतलेल्या विल्सन यांनी १९५२ मध्ये मेम्फिसला स्वतःचे 'हॉलिडे इन' उघडले. आईवडिलांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना आकार नाही आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच दर्जा, ही त्याची ओळख झाली. फ्रान्समध्ये १९७४ साली बोर्दो येथे 'आयबिस' सुरू झाले. आपल्याकडे ताज समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने २००४ मध्ये बंगळुरूला 'इंडीवन' या नावाने स्वस्त व नेटक्या हॉटेलचा प्रयोग केला. तेच पुढे 'जिंजर' झाले. त्याच वर्षी गुरुग्राममध्ये 'लेमन ट्री'चे पहिले हॉटेल आले. या सर्वांची हॉटेले मुंबईच्या विमानतळ परिसरात आज आहेत.

साखळी हॉटेल विकते ती खात्री : गादी, चादर, गरम पाणी, रात्री दोन वाजताही जागा असलेला स्वागतकक्ष. खोली लहान असते, सामान उचलायला माणूस धावून येईलच असे नाही. पण जे लिहिले आहे ते मिळते. तरीही पाटीवर आंधळा विश्वास ठेवू नये. काही हॉटेले साखळीच्या मालकीची असतात, काही तिने केवळ चालवायला घेतलेली, तर काहींनी नुसते नाव घेतलेले असते. एकाच पाटीखालची एक इमारत नवी आणि दुसरी जुनाट असू शकते. म्हणून ब्रँडचा नव्हे, त्या विशिष्ट इमारतीचा अलीकडच्या महिन्यांतील पाहुण्यांचा अनुभव वाचावा.

पडतळीचा तक्ता

बार्शीच्या व्यापाऱ्याने अखेर कागद घेतला. त्याच्या हिशेबाची रीत अशी होती. आकडे त्या दिवसाचे आहेत, हंगामाप्रमाणे ते बदलतात. पहिले हॉटेल टर्मिनलपासून दूर, खोलीचा भाव ३,६०० रुपये. दोन खोल्यांचे ७,२००, पाच टक्के जीएसटी ३६०, एकूण ७,५६०. मध्यरात्री सामानासह टॅक्सीने जाणे-येणे १,०००. तेथे चालण्याजोगे जेवण नाही, म्हणून जेवायला जाण्यायेण्याचे ६००. पडतळ ९,१६० रुपये.

दुसरे साखळी हॉटेल, टर्मिनल २ पासून दहा मिनिटांवर, खोलीचा भाव ४,८००. दोन खोल्यांचे ९,६००, जीएसटी ४८०, एकूण १०,०८०. टॅक्सीचे जाणे-येणे ५००. जेवण तेथेच. पडतळ १०,५८० रुपये. भावात २,४०० रुपयांचा फरक होता; पडतळीत तो १,४२० उरला. आता प्रश्न असा राहिला की, वृद्ध आईचा रात्रीचा त्रास वाचवण्याची किंमत १,४२० रुपये आहे की नाही. असा प्रश्न समोर आला की उत्तराला वेळ लागत नाही.

हिशेब नेहमी जवळच्या हॉटेलच्याच बाजूने झुकतो असे नाही. एकटा तरुण व्यापारी रात्री अकराला उतरून पहाटे पाचला पुढे जाणार असेल, तर त्याला सहा तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे द्यावे लागते, कारण हॉटेलचा दिवस दुपारी दोनच्या सुमारास सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास संपतो. त्याने तासांवर मिळणारी खोली विचारावी. बार्शीच्या कुटुंबाने उलट केले. सकाळची वंदे भारत कुर्डुवाडीहून पकडून ते दुपारी दादरला उतरले, दोनला खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या परतीच्या गाडीपर्यंत खोलीचा प्रत्येक तास वापरला.

कराची एक पायरीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्यावर एक रुपया जरी गेला तरी १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भावात शंभराचा फरक, बिलात १,०९३ चा. धंद्याच्या कामासाठी मुक्काम असेल तर बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक आधीच सांगून घ्यावा. मात्र हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कर लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या पेढीला दिल्लीच्या हॉटेलवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्चच समजावा आणि पडतळीत धरावा.

स्वयंपाकघर आणि सूर्यास्त

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाने जेवणाच्या वेळा फोनवरच विचाराव्यात. बहुतेक हॉटेलांत रात्रीचे जेवण सात-साडेसातला सुरू होते. मुंबईत सप्टेंबरअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणजे भोजनगृह उघडेपर्यंत वेळ टळलेली असते. पाच वाजता खोलीत ताट मिळेल का, हा प्रश्न आधी विचारला तर बहुधा होकार येतो. आयत्या वेळी विचारला तर नकार.

'जैन जेवण मिळेल' या उत्तरावरही थांबू नये. पुष्कळ स्वयंपाकघरांत त्याचा अर्थ केवळ कांदा-लसूण नाही, एवढाच घेतला जातो. बटाटा, गाजर, आले यांची नावे घेऊन विचारावे. शाकाहारी भांडी वेगळी आहेत का, तेही विचारावे. खोलीतल्या किटलीत आधी कोणी काय उकळले असेल, हे सांगता येत नाही. घरची लहान किटली पिशवीत ठेवली की उकळलेल्या पाण्याचा प्रश्न मिटतो. आजींनी शिवाय दशम्या आणि चटणी बांधून घेतली होतीच.

'न्याहारीसह' या शब्दाला भुलून जादा पैसे देऊ नयेत. न्याहारी साधारण साडेसहा-सातला मांडली जाते. मध्यरात्री निघणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही. चौघांच्या न्याहारीचे पैसे देऊन दोघांनी खाण्यापेक्षा न्याहारीविना खोली घ्यावी आणि सकाळी गरज असेल त्याने पैसे देऊन खावे. याउलट, रद्द करता येणारी खोली थोडी महाग असली तरी घ्यावी. विमानाची वेळ बदलली की परत न मिळणाऱ्या भाड्याची स्वस्ताई निघून जाते. खोली सांगताना धावपट्टीच्या विरुद्ध बाजूची, वरच्या मजल्यावरची आणि लिफ्टपासून दूरची मागावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

रात्रीचा हिशेब

त्या दिवशी पाच वाजता खोलीत ताटे आली. आजी आणि नातू खिडकीजवळ बसून जेवले. त्यानंतर काय बोलणे झाले, ते त्या दोघांनाच ठाऊक. वडील खाली बसून परतीच्या तिकिटांकडे पाहत होते. आई तिसऱ्यांदा बॅग उघडून लोकरीचे कपडे मोजत होती. साडेअकराला निघायची वेळ झाली. दूरचे हॉटेल असते तर आजींना खोलीतच ठेवावे लागले असते. येथून वाट दहा मिनिटांची होती. आजी गाडीत पुढे बसल्या, सहारच्या उन्नत रस्त्याने टर्मिनलच्या दारापर्यंत आल्या, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून णमोकार मंत्र म्हणाल्या आणि साडेबाराला पुन्हा खोलीत येऊन झोपल्या.

घरी परतल्यावर वडिलांनी वही उघडली. १०,५८० रुपये कोणत्या खाती टाकावे, असा क्षणभर विचार केला. प्रवासखर्च लिहिलेले खोडले आणि मुलाच्या शिक्षणाच्या खाती ती रक्कम मांडली. खाते कोणते, याने रकमेत फरक पडत नाही. पण कशासाठी खर्च केला, ते माणसाच्या ध्यानात राहते. खोली निवडताना हेच आधी ठरवावे. मग भाव, कर, अंतर आणि जेवण यांची बेरीज आपोआप योग्य रकान्यात बसते.