फुकट

मराठीत 'फुकट' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते पाठीला पाठ लावून बसलेले आहेत. पैसे न मोजता जे मिळते ते फुकट, आणि उपयोगात न येता जे वाया जाते तेही फुकटच. 'मोफत' या शब्दाला ही दुसरी बाजू नाही. 'विनामूल्य' हा तर पाटीवरचा शब्द. दवाखान्याबाहेर 'विनामूल्य तपासणी' असे लिहिलेले चालते, 'फुकट तपासणी' चालत नाही. उलट 'सारे श्रम विनामूल्य गेले' असे कोणी म्हणत नाही. हा भेद आमच्यापैकी एकीने पंचवीस वर्षे वर्गात समजावून सांगितला. त्याचा खरा प्रत्यय मात्र आला तो कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी, डिस्नेलँड हॉटेलच्या स्वागतकक्षात.

आम्ही म्हणजे निवृत्त प्राध्यापकांचे एक जोडपे. एकीने भाषाविज्ञान शिकवले, दुसऱ्याने समीक्षा. डिस्नेलँडशी आमचा परिचय होता तो पुस्तकी. उम्बेर्तो एकोंचा १९७५ सालचा अतिवास्तवावरचा निबंध आणि जाँ बोद्रियार यांचे १९८१ सालचे पुस्तक आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवीत असू. डिस्नेलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते ते बाहेरचा सारा देश खरा आहे असे वाटावे म्हणून, हे बोद्रियार यांचे म्हणणे आम्ही इतक्या आत्मविश्वासाने सांगत असू, की जणू आम्ही तिथे राहूनच आलो होतो. विद्यार्थी वहीत उतरवून घेत. आम्हांला कोणी विचारले नाही, की सर, तुम्ही पाहिले आहे का?

पाहण्याचा योग आला तो लेकीमुळे. खोली तिनेच ठरवली होती, त्या हॉटेलातली सर्वांत स्वस्त श्रेणीची. खिडकीतून काय दिसेल याची हमी नसलेली. ती गाडी लावायला गेली आणि आम्ही दोघे आठ वर्षांच्या नातीबरोबर रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या तरुणीच्या छातीवर बिल्ला होता. त्यावर तिचे नाव आणि त्याखाली तिचे गाव, फ्रेस्नो. आम्ही तिचे गाव वाचले, तिने आमची पारपत्रे वाचली आणि हसून विचारले, "काही साजरे करायला आलात का?"

आम्ही 'नाही' म्हणणार, तेवढ्यात नात म्हणाली, "आजीआजोबांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली!"

झाली होती, पण फेब्रुवारीत, आणि हा ऑक्टोबर होता. तो फेब्रुवारीतला दिवस आम्ही पुण्यातल्या एका रुग्णालयात काढला होता, एक खाटेवर आणि एक खाटेशेजारच्या खुर्चीत. त्या दिवशी कोणाला पेढेही दिले नाहीत. नातीने तारखा लपवल्या नाहीत, तिला त्या ठाऊकच नव्हत्या. लपवल्या त्या आम्ही. तरुणीने अभिनंदन केले, आनंदसोहळ्याचे दोन गोल बिल्ले काढून दिले, पडद्याकडे पाहत काही कळा दाबल्या आणि म्हणाली, की आज तुम्हांला वरच्या मजल्यावरची, उद्यानाच्या बाजूची खोली देते. जास्तीचे काही द्यावे लागणार नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या सहवासानंतर अशा वेळी बोलावे लागत नाही. आम्ही गप्प राहिलो. ते मौन खोटे होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

या हॉटेलचा इतिहास मौजेचा आहे. १७ जुलै १९५५ रोजी उद्यान उघडले, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांच्याकडे हॉटेल बांधण्याइतका पैसा उरला नव्हता. म्हणून जॅक रॅदर या दूरचित्रवाणी-निर्मात्याने ते बांधले आणि त्याच ऑक्टोबरात ते सुरू झाले. नाव डिस्नेचे, मालकी दुसऱ्याची, असे तीसहून अधिक वर्षे चालले. १९८८ साली ते डिस्ने कंपनीकडे आले. या कंपनीच्या परिभाषेत गिऱ्हाईक नसते, पाहुणा असतो. नोकर नसतो, नटसंचातला सभासद असतो. लोकांना दिसते तो रंगमंच, न दिसणारी ती विंगेमागची बाजू. नाटकवेड्या महाराष्ट्रातून आलेल्या आम्हांला ही परिभाषा फारशी परकी वाटली नाही. फक्त एक शंका आली: सगळेच नटसंचात असतील, तर काउंटरसमोर गप्प राहिलेले आम्ही कोण?

खोली सुरेख होती. पलंगाच्या लाकडी उशालगतीवर निद्रिस्त राजकन्येचा किल्ला कोरलेला होता. शेजारची कळ दाबली, की त्यावर बारीक दिव्यांची आतषबाजी फुटे आणि गाण्याची धून वाजे. नातीने ती कळ किती वेळा दाबली ते आम्ही मोजले नाही. पण आम्हांला धरून ठेवले ते खिडकीने. दूर मॅटरहॉर्नचे शिखर दिसत होते, १९५९ साली उभारलेले, १४७ फुटांचे, मूळ पर्वताच्या साधारण शंभराव्या हिश्श्याचे. बाहेरचे जग आत दिसू नये म्हणून डिस्ने यांनी उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. मोठे खेळ मात्र त्या बांधात मावले नाहीत. त्यांच्या इमारती बांधाबाहेर आहेत: गोदामासारख्या, सपाट छपरांच्या. नजर वरून घसरून जावी म्हणून अशा इमारतींना फिकट हिरवा रंग देण्याची तिथे पद्धत आहे. आत फिरणाऱ्याला चाच्यांचा समुद्र दिसतो, भुतांचा वाडा दिसतो. उंच खिडकीतून मात्र त्यामागची छपरेही दिसू लागतात. आम्हांला बढती मिळाली होती ती जणू विंगेमागे डोकावण्याची.

रात्री आमच्या एका माजी विद्यार्थ्याशी बोलणे झाले. मराठी घेऊन बी.ए. झाला आणि पुढे हॉटेलच्या धंद्यात शिरला. त्याने सरळ हिशोब सांगितला. "मॅडम, हॉटेलची खोली म्हणजे भाजीवाल्याची कोथिंबीर. आजची रात्र आज विकली नाही तर गेली. लोक ऐनवेळी येत नाहीत, म्हणून स्वस्त खोल्या आहेत त्याहून जास्त विकून ठेवतात. सगळेच आले, की कोणाला तरी वर सरकवावे लागते. वरची खोली रिकामीच राहणार होती, ती फुकट जाण्यापेक्षा तुम्हांला फुकट दिली."

एका वाक्यात दोन्ही अर्थ! चाळीस मिनिटांच्या तासिकेत आम्हांला जे जमले नसते, ते त्याने जेवताजेवता करून दाखवले. अनाहाइममध्ये त्या दिवशी नेमके काय झाले हे त्यालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. तो धंद्याची रीत सांगत होता. आम्ही विचारले, मग त्या चाळीस वर्षांचे काय? तो म्हणाला, "वर कोणाला तरी जायचेच असते. ते कोण, हे काउंटरवरचा माणूस ठरवतो. त्याला एक निमित्त पुरते."

त्या रात्री साडेनवाच्या सुमारास आतषबाजी झाली. खोलीतला दिवा मालवून आम्ही ती पाहिली. आणि इथे जे सांगायचे आहे ते सांगणे आम्हांला थोडे जड जाते.

मार्सेल मोस यांचा दानावरचा निबंध १९२५ सालचा. दान देणे, ते घेणे आणि त्याची परतफेड करणे ही तिन्ही बंधनेच आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. आजारपणाच्या त्या आठ महिन्यांत आमच्या घरी देणारे पुष्कळ आले. डबे आले, फळे आली, शाली आल्या. आमच्यापैकी जी आजारी होती, तिला ते घेणे दिवसेंदिवस अशक्य होत गेले. प्रत्येक डब्याबरोबर एक नजर येई. डबा घासून परत करता येई, ती नजर परत करता येत नसे. पुढे तिने दार उघडणेच सोडले. "हे वर्ष फुकट गेले," एवढेच ती म्हणे, आणि तिच्याइतकी शब्दांची पारख असलेल्या बाईने हा शब्द निवडला, हे दुसऱ्याला टोचत राही.

ती खोली मात्र तिने घेतली. का घेतली, याचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून असे लावले आहे: त्या दानाला कीव नव्हती. फ्रेस्नोच्या त्या तरुणीला रुग्णालय माहीत नव्हते. तिने चाळीस वर्षे ऐकली आणि तेवढ्यावर कळ दाबली. हिशोबाने रिकामी पडलेली जागा तिने आजाऱ्याला नव्हे, उत्सवमूर्तीला दिली. खरे सांगितले असते तर कदाचित तीच खोली मिळाली असती, पण बरोबर ती नजरही आली असती.

म्हणून त्या तरुणीचे हसू खोटे, असे म्हणायला आम्ही आता तयार नाही. आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या हसण्याला श्रम म्हटले, ते योग्यच होते. या श्रमाचे मोल काय, हा प्रश्न त्या गावातही गाजला. नोव्हेंबर २०१८मध्ये अनाहाइमच्या मतदारांनी शहराची आर्थिक सवलत घेणाऱ्या पर्यटन-व्यवसायांसाठी ताशी पंधरा डॉलरपासून चढत जाणारे किमान वेतन मंजूर केले, आणि ते डिस्नेलाही लागू आहे असा निर्णय अपील न्यायालयाने २०२३ साली दिला. हसणे हा त्या तरुणीच्या कामाचा भाग होता. पण दहांतून एकाला निवडण्याचा तो क्षण तिचा स्वतःचा असणार. पगारी श्रमाच्या पोटात अशी चिमूटभर मोकळी जागा असते, हे आम्ही वर्गात कधी शिकवले नव्हते.

निघताना ती काउंटरवर नव्हती. उद्यानाच्या मुख्य रस्त्यावर नगरभवन नावाची इमारत आहे. कर्मचाऱ्यांचे कौतुक तिथे नोंदवता येते. आम्ही तिचे नाव आणि गाव सांगितले, चार ओळी आभाराच्या दिल्या. तारखेबद्दल काही सांगितले नाही. तेवढी परतफेड राहून गेली आहे. हा लेख म्हणजे ती नव्हे.

बाहेर पडल्यावर नातीला सगळे कळले होते, कारण तिच्या आईने आम्हां दोघांना गाडीत बसताबसता फैलावर घेतले. नातीने विचारले, "आजी, मग मी खोटे बोलले का?" आजी म्हणाली, "तू नाही. आम्ही उशिरा साजरे केले."

ते दोन बिल्ले आता पुण्याच्या घरी, औषधांच्या खणात आहेत. खण रोज उघडावा लागतो. वर्ष फुकट गेल्याचे मात्र घरात पुन्हा ऐकू आलेले नाही. का, हे आम्ही एकमेकांना विचारलेले नाही.