कोणता मजला?

वृद्धांची स्मरणशक्ती तपासताना विचारायच्या प्रश्नांत 'आपण आत्ता कोणत्या मजल्यावर आहोत?' असा एक प्रश्न असतो. मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली सिद्ध केलेल्या ३० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत त्याला एक गुण आहे. आमच्या आईने त्याचे उत्तर 'दुसरा' असे दिले, आणि खुर्चीतून अर्धवट उठत आम्ही 'अगं, सातवा!' असे जवळजवळ ओरडलोच. सिस्टरांनी लेखणी खाली ठेवली.

'सर, तुम्ही उत्तरं देऊ नका.'

बाभई नाक्याजवळच्या ज्या जुन्या इमारतीत आईची ३८ वर्षे गेली, ती पुनर्विकासासाठी रिकामी करून आम्ही बोरीवलीतच भाड्याच्या घरात आलो होतो. जुन्या इमारतीस उद्वाहक नव्हता. दोन जिने चढले की धाप लागते आणि डावीकडे आपले दार येते, हा तिच्या पायांना पाठ असलेला पत्ता. येथे एका पेटीत उभे राहायचे, दार उघडले की बाहेर यायचे. मजला कळावा कसा? परंतु तेव्हा हा विचार आमच्या मनास शिवला नाही. आईस विस्मृतीचा आजार जडला आहे असा निकाल आम्ही सहा महिन्यांपूर्वीच देऊन मोकळे झालो होतो. सिस्टर आल्या त्या आमच्या लेखी निव्वळ शिक्कामोर्तबासाठी.

आई प्राथमिक शाळेत मराठी शिकवीत असे. 'ही पहिलीची परीक्षा का?' असे तिने विचारले, ते अगदीच चूक नव्हते. या प्रश्नपत्रिकेत परीक्षार्थीस स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहावयाचे असते. त्यात कर्ता व क्रियापद हवे, अर्थ लागावयास हवा. शुद्धलेखनाच्या चुका माफ. (आमच्या पदव्युत्तर वर्गास ही सवलत आम्ही देत नाही.) ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न हरियाणातील बल्लभगड येथे काम करणाऱ्या मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे आला, आणि १९९५ साली त्यांनी या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट सांगण्याच्या जागी तेथे वार उलटे म्हणावयाचे असतात, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगावयाचे असते. भाषांतराच्या तासाला हा नमुना ठेवावा असे आम्हांस अनेकदा वाटले आहे.

आईने लिहिले : 'सिस्टर आल्या आहेत, चहा ठेवला पाहिजे.' सिस्टरांनी गुण दिला आणि चहाही घेतला.

यापुढे त्यांनी जे केले ते आम्हांस अनपेक्षित होते. त्यांनी प्रथम निजलेल्या आणि मग उभ्या स्थितीत आईचा रक्तदाब मोजला. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जावयाचे, वळून परत येऊन बसावयाचे, असे सांगून घड्याळ लावले. सपाता पाहिल्या, पायाची नखे पाहिली, न्हाणीघराचा उंबरा पाहिला. कानात बत्ती धरून त्या बराच वेळ वाकून होत्या; दोन्ही कान मळाने बुजलेले होते. शेवटी त्यांनी घरातली सगळी औषधे पलंगावर मांडावयास सांगितली. त्यात सर्दीची एक गोळी निघाली. आईस सर्दी नव्हती. त्या गोळीने तिला लवकर झोप लागते असे ध्यानात आल्यापासून आम्हीच ती रोज रात्री देत होतो. अशा जुन्या धाटणीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो, तोल जातो, हे सिस्टरांनी आवाज न चढवता सांगितले, आणि डॉक्टरांना दाखविण्यासाठी कागदावर लिहून ठेवले. ती झोप आईला हवी होती की आम्हांला, हे त्यांनी विचारले नाही.

अशी तपासणी करणाऱ्या परिचारिकांचा एक स्वतंत्र वर्ग अमेरिकेत आहे. लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात त्याची सुरुवात केली, तीही बालकांसाठी. वृद्ध मागाहून आले. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी व प्रसूतीसाठी तसे अभ्यासक्रम आखले आहेत. आमच्या सिस्टरांपाशी तसले पदनाम नव्हते.

त्या गेल्यावर आम्हांस आपल्या वाङ्मयातील म्हातारपण आठवू लागले, ही आमची व्यावसायिक खोड. 'नटसम्राट' (१९७०) घ्या वा दळवींचे 'संध्याछाया' घ्या, वार्धक्याचे दुःख तेथे मुलांच्या वागण्यातून किंवा त्यांच्या नसण्यातून येते. ही नाटके शिकविताना आम्ही कृतघ्नता, एकाकीपणा असे शब्द फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिले. घरात राहणारा, औषधे वेळेवर देणारा, आईच्या वतीने चटकन उत्तरे देणारा मुलगा त्या फळ्यावर कधी आला नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' या बाबतीत वेगळा वाटतो : संस्कृत पंडिताची स्मृती जात असताना त्याची काळजी रोज कशी घ्यावयाची, हा तेथे घरच्यांपुढचा खरा पेच आहे. तो चित्रपट आम्ही दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा चर्चेत रस घेतला होता.

कान साफ झाले. गोळी डॉक्टरांनी बंद केली. पहिले काही दिवस आई रात्री जागी राहिली आणि आम्हीही. तीन महिन्यांनी सिस्टर पुन्हा आल्या तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मजल्याचा प्रश्न आला.

'माझा दुसरा,' आई म्हणाली. 'हा सातवा, भाड्याचा.'

वार तिने उलटे बिनचूक म्हटले. लक्षात ठेवण्यासाठी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी मात्र एकच परत आला, मागच्या वेळेसारखाच. सिस्टरांनी तेही लिहिले, आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे असे सांगितले. पुढल्या महिन्याची तारीख मिळाली आहे.