खोपा नेमका कोण बांधतं?

चि. राणीस,


काल फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. सरावपाठात टाचणातलं मूल्यमापन राहून गेलं आणि सरांनी निरीक्षण वहीत नेमकं तेच लिहिलं. लिहू देत. तो पाठ पाहायला मीही मागच्या बाकावर बसले होते.

बी.एड.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाच्या वेळी सहा मिनिटांच्या पाठासाठी तू रात्र जागवायचीस. पाठ, प्रत्याभरण, नव्याने आखणी, पुन्हा पाठ, पुन्हा प्रत्याभरण असं ते ३६ मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या तुझ्याच मैत्रिणी. त्या ठरलेलंच उत्तर देणार. प्रबलनाला गुण म्हणून प्रत्येकीला ‘शाब्बास’. (ते ‘शाब्बास’ अजून सुटलेलं नाही, बरं का!)

काल मात्र खऱ्या वर्गासमोर बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता तू छान म्हटलीस. ती खिडकीजवळची पोर उठली, “बाई, खोपा तर नर बांधतो. मादी नुसता पसंत करते.” तिचं खरंच होतं. वर्ग हसला, सरांनी घड्याळ पाहिलं. ‘बरं, बस खाली’ म्हणून तुला पुढे जाता आलं असतं. तू खडू ठेवलास आणि वर्गालाच विचारलंस, “मग बहिणाबाईंना तिथं आईच का दिसली असेल?” विचारून गप्प राहिलीस. ते गप्प राहणं फार अवघड असतं गं; नव्या बाई स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात.

शेवटी एक मुलगा पुटपुटला, “त्यांच्या घरी तसंच असंल.”

मग तू सांगितलंस: तिसाव्या वर्षी आलेलं वैधव्य, पदरी लेकरं, शेतातले कष्ट. अक्षरओळख नसलेल्या बाईची ही गाणी घरच्यांनी उतरून घेतली, आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. हा कवयित्री-परिचय टाचणात पहिल्या तीन मिनिटांत असतो आणि वाया जातो. काल तो उशिरा आला, पण पोरांना हवा झाल्यावर आला. ती बडबडी मागची रांगसुद्धा ऐकत होती.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेत २० आठवडे मिळतात, ते अशा खऱ्या वर्गासाठीच. आमच्या वेळी मोजके पाठ उरकायचे आणि परीक्षेला बसायचं.

गुरुवारी आठवीला गद्य आहे ना? टाचण नीटच काढ, सरांची सूचनाही पाळ. फक्त शब्दार्थांनी अर्धा फळा भरू नकोस. पोरं उतरवत बसतात आणि पाठ ऐकायचा राहतो.

तुझी,
मावशी