टचपॅड गेला कुणीकडे?

‘‘दादा, याचा टचपॅड कुठाय?’’

‘‘वर बघ.’’

वर म्हणजे? मी आपली लॅपटॉपच्या पुढच्या काठावर बोट फिरवत होते. तिथे कीबोर्ड संपला की थेट टेबलच. टचपॅड होता, पण कीबोर्डच्या पलीकडे, पार स्क्रीनच्या पायथ्याशी. म्हणजे जेवायला बसावं आणि वरणाची वाटी शेजाऱ्याच्या पानापाशी वाढलेली असावी, तसं काहीसं!

तर बॉस, ही गोष्ट एका बारा-तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपची. एसर अ‍ॅस्पायर आर-सेव्हन. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कला तो लाँच झाला, तेव्हा अमेरिकेतली किंमत होती ९९९ डॉलर. माझा चुलतभाऊ तेव्हा तिकडेच होता. हौसेने घेतला, परत येताना बरोबर आणला आणि मग बरीच वर्षं माळ्यावर टाकला. गेल्या महिन्यात माझ्या रोजच्या लॅपटॉपने ऐन डेडलाइनला मान टाकली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी मनातल्या मनात लेख मोजले. फ्रीलान्सर माणूस पैसे लेखांत मोजतो. नवा लॅपटॉप म्हणजे किती लेख, हे तर मोजायचं धाडसच झालं नाही.

‘‘दहा दिवस वापरून बघ,’’ दादा म्हणाला. ‘‘आवडला तर पाच हजार दे. नाहीतर भंगारवाला आहेच.’’

पहिले दोन दिवस म्हणजे नुसता तमाशा. टचपॅडपर्यंत जायला हात कीबोर्डवरून न्यायचा. तळवा वाटेत दोन-चार बटणं दाबून जायचा, की वाक्याच्या मधोमध ‘ककक’ उमटलंच. दोष माझ्या हाताचाच. इतक्या वर्षांची सवय थोडीच एका रात्रीत जाते? पण मांडीवर घेऊन टाइप करायला बसले, तर मनगट टेकवायला जागाच नाही. टेबलावर मात्र चालून जातं. वजन साधारण २.४ किलो. सॅकमध्ये टाकून स्कूटरवरून हिंडलं, की संध्याकाळी खांदा बोलायला लागतो.

मग असं का केलं असेल? उत्तर बिजागरीत आहे. या लॅपटॉपची स्क्रीन झाकणासारखी मागच्या कडेला जोडलेली नाही. मागून एक रुंद पट्टी वर येते आणि स्क्रीन तिच्यावर जणू तरंगते. पुढे ओढा, ती टचपॅडवरून सरकत कीबोर्डच्या कडेशी येते, चित्रकाराच्या ईझलसारखी तिरकी. म्हणूनच त्या बिजागरीचं नाव ‘ईझेल’. आडवी केली की कीबोर्ड झाकून सपाट पाट होतो. उलटी फिरवली की समोरच्या माणसाकडे तोंड.

स्टीव्ह जॉब्ज २०१० मध्ये म्हणाले होते, की उभ्या स्क्रीनला बोट लावत बसलं की थोड्या वेळाने हात भरून येतो. मुद्दा चूक नाही, करून बघा. पण २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि लॅपटॉपवाल्यांना टचचं वेड लागलं. लेनोव्होच्या योगाने ३६० अंशांत स्क्रीन मागे दुमडायचा फंडा आणला. तो सॉलिड चालला, आजही दुकानात दिसतो. फक्त दुमडल्यावर बोटांना खाली कीबोर्डची बटणं लागत राहतात. आर-सेव्हनने वेगळा रस्ता धरला. स्क्रीन दुमडू नका, हाताजवळ आणा.

स्क्रीन पुढे ओढायची कल्पना नंतरही दिसली. २०१८ चा एचपी स्पेक्टर फोलिओ घ्या, किंवा २०२१ चा मायक्रोसॉफ्ट सरफेस लॅपटॉप स्टुडिओ. पण गंमत बघा. त्या दोघांत स्क्रीन पुढे आली की कीबोर्ड झाकला जातो आणि टचपॅड मोकळा राहतो. आर-सेव्हनमध्ये बरोब्बर उलटं: टचपॅड झाकला जातो, कीबोर्ड मोकळा. त्याचा हिशोब सरळ होता. लिहायचं ते बटणांनी, दाखवायचं ते थेट बोटाने. मग टचपॅड हवाय कशाला?

कागदावर पटतं. माझ्या हाताला सहा दिवस पटलं नाही.

सातव्या दिवशी एका पोळीभाजी केंद्राच्या काकूंकडे गेले. त्यांच्यावर लेख करायचा होता. एकदा बोलणं झालं होतं, आता फक्त आकडे पक्के करायचे होते. एरवी मुलाखतीत लॅपटॉप उघडला की दोघांच्या मध्ये भिंतच उभी राहते. समोरच्याला दिसतं ते झाकणावरचं कंपनीचं नाव आणि आपलं कपाळ. त्या दिवशी सहज स्क्रीन पुढे ओढली. काकू पोळपाट सोडून शेजारी येऊन बसल्या.

‘‘बघू, काय लिहिलंयस.’’

मास कॉमला आम्हाला घोकून घेतलं होतं, की छापायच्या आधी मजकूर मुलाखत देणाऱ्याला दाखवायचा नाही. पण स्क्रीन तर दोघींच्या पुढ्यात, तिरकी, एखाद्या पोथीसारखी. झाकणार कशी?

काकूंनी पदराला बोट पुसलं आणि ‘रोज ४०० पोळ्या’वर टेकवलं. आकडा निवडला गेला तशा दचकल्या. ‘‘अगो, हे हललं! चारशे सणावाराला. एरवी साडेतीनशे लिही.’’ मी लिहिलं. पुढे एका भाजीचं नाव सुधारलं. त्या बोटाने दाखवत होत्या, मी बटणं दाबत होते. टचपॅड स्क्रीनखाली झाकला गेलाय, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग बोट एका वाक्याशी थांबलं. लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं ते. ज्यावर अख्खा लेख उभा राहतो ना, तसं.

‘‘हे काढ गं.’’

‘‘पण काकू, तुम्हीच सांगितलं होतं.’’

‘‘सांगितलं. खरंही आहे. पण ते चहा पिताना तुला सांगितलं, छापायला नाही.’’

मी गप्प. साधा लॅपटॉप असता तर ‘बघते’ म्हणून झाकण मिटवलं असतं आणि घरी जाऊन वाक्य ठेवलंही असतं. इतकी काही मी साधी नाही. पण इथे त्यांचं बोट काचेवर होतं आणि माझं बॅकस्पेसवर. वाक्य एकेक अक्षर मागे गेलं. ते काय होतं, हे अर्थात इथेही सांगणार नाही. संध्याकाळी लेख पाठवल्यावर संपादकांचा फोन आला: ‘‘छान आहे, पण काही इमोशनल नाही का?’’ म्हटलं, नाही.

दहाव्या दिवशी दादा हजर. ‘‘काय ठरलं?’’

रोजच्या कामाला नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. बॅटरी थकलीय, तिचं वय बघता तक्रार नाही. त्यावर दादाने टाकलेल्या विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे दारात उभं करत नाही. बँकेचे व्यवहार त्याच्यावर करणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. म्हणून रोजच्यासाठी मी एक साधा सेकंडहँड लॅपटॉप बघून ठेवला होता. झाकण झाकणासारखं, टचपॅड जागच्या जागी.

‘‘म्हणजे हा भंगारात.’’

‘‘थांब. नेट न जोडता ठेवीन. पेनड्राइव्हवरून मजकूर टाकायचा आणि लोकांना दाखवायला न्यायचा.’’

‘‘अडीच किलो? नुसतं दाखवायला?’’ दादा स्क्रीन निरखत होता. ‘‘आणि हे कसलं पीठ लागलंय?’’

‘‘कणीक आहे. तीन हजार देते.’’

‘‘पाच.’’

‘‘तीन. आणि रविवारची पोळीभाजी माझ्याकडून.’’