ताईच्या बांगड्यांचे माप

आमची थोरली ताई, दाजी वारल्यापासून, टिटवाळ्याला आमच्याच चाळीत शेजारच्या खोलीत राहते. तिला साखरेचा आजार जडला तेव्हा आम्ही घरच्यांनी तिलाच दोषी धरले. तोंडावर ताबा नाही, असे चारचौघांत बोललो. साखरेचा डबा आम्ही स्वतः वरच्या फळीवर ठेवला. गोळ्या वाढल्या, इन्सुलिन आले, ब्लडप्रेशर आले, पण साखर उतरेना. दवाखान्यात दर वेळी एकच वाक्य, "पथ्य पाळा."

दरम्यान चपलेचा नंबर सहाचा आठ झाला. बांगड्या चढेनात, अंगठी कापून काढावी लागली. वयोमान म्हणून आम्ही सोडून दिले. आम्ही पेशाने कारकून, आकड्यातली चूक कागदावर लगेच दिसते. घरातली दिसली नाही.

शेवटी कसाऱ्याहून येणारी पहाटेची लोकल धरून तिला परळच्या के.ई.एम.ला नेले. तिथल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी हात पाहिले आणि विचारले, "लग्नातला फोटो आहे का?" पुढच्या खेपेला नेला. फोटोतला जबडा, नाक, ओठ सगळेच वेगळे!

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यातली गाठ वाढीचे हार्मोन अति सोडत होती. त्याने इन्सुलिनचे काम अडते, यकृत रक्तात जादा साखर सोडते. मग पथ्य कुठवर पुरणार? फ्रान्सच्या पिएर मारी यांनी १८८६ साली या आजाराला 'अ‍ॅक्रोमेगाली' नाव दिले. याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका गाठीने कॉर्टिसॉल वाढते. पोट सुटते, हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे येतात, साखर तिथेही चढते. दोन्ही आजार विरळा. साखर असलेल्या प्रत्येकाने घाबरू नये, पण चपलेचा नंबर वाढला तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

निदानाची तपासणी मजेशीर. साखरेचे पाणी पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. निरोगी माणसात वाढीचे हार्मोन खाली येते, ताईचे आले नाही. मग एम.आर.आय., मग नाकावाटे ऑपरेशन.

इन्सुलिन सुटले. साखरेची एक आणि ब्लडप्रेशरची एक गोळी राहिली. सगळ्यांचेच असे होते असे नाही, आणि तपासणीही चालूच ठेवावी लागते. जबडा आहे तसाच आहे, हाडे मागे फिरत नाहीत. बोटांची सूज मात्र उतरली.

परवा ताईने तो डबा स्वतः खाली काढला आणि आमच्या चहात दोन चमचे साखर घातली. आम्ही मुकाट्याने प्यायलो.