गाडी पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहायला जाणारी मंडळी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मी मात्र गेल्या मार्गशीर्षात नांदेडहून लातूरला गाडी पाहायला गेलो होतो. आणि तीही लग्नाच्याच हेतूने!

त्याचे असे झाले. माझ्या पुतणीचे लग्न लातूरच्या स्थळाशी ठरले. याद्या झाल्या, माघातला मुहूर्त निघाला, मुलाकडच्यांच्या इच्छेप्रमाणे कार्य लातुरातच करायचे ठरले. इतक्या मोठ्या गोष्टी तासाभरात मिटल्या आणि नवरीने कार्यालयात कोणत्या गाडीतून यायचे, या एका प्रश्नावर घरात तट पडले. व्याह्यांनी एक 'विंटेज' मोटार भाड्याने सांगून ठेवली होती. वहिनींना नवी, लांबरुंद, थंडगार गाडी हवी होती. "बाप नाही म्हणून पोरीची हौस राहिली, असं कोणी म्हणायला नको," एवढेच त्या म्हणाल्या. आणि पुतणीने शांतपणे सांगितले, "मी बाबांच्या गाडीतून जाणार."

बाबांची गाडी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची १९७८ सालची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर. दादाने ती २००६ साली लातूरच्या एका आडत्या मित्राला विकली. चार वर्षांपूर्वी दादाही गेला. मुलीचे बोलणे ऐकून वहिनी "दूध उतू जातंय" म्हणत आत गेल्या. गॅस बंद होता, हे आम्हा सर्वांनाच दिसत होते. अखेर निवाडा माझ्यावर सोपवण्यात आला.

सकाळच्या एस. टी.ने निघालो. गोदावरीचा पूल, मग विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे आवार, आणि पुढे दोन्ही बाजूंना काळीभोर रानं. तूर पिवळी पडू लागली होती, हरभरा घोट्याएवढा झाला होता. लोहा मागे पडले आणि गाडीतली निम्मी माणसे उतरायच्या तयारीला लागली. माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली होती. लातूर काही पळून जात नव्हते, मीही उतरलो.

माळेगावची यात्रा वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ज्यांनी नसेल, त्यांनी एकदा अवश्य पाहावी. भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट, 'येळकोट येळकोट'चा गजर, आणि माळभर जनावरे : घोडे, उंट, गाढवे, शिवाय आमच्या कंधारची तांबडी लाल कंधारी बैलं. एका घोडीभोवती गर्दी दिसली म्हणून मी घुसलो. गिऱ्हाईक वरातीसाठी घोडी भाड्याने देणारा होता. त्याने घोडीचा जबडा उघडून दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, तिला वीस पावले चालवून परत आणले. गळ्यातल्या रंगीत गोंड्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी त्याने हलगीवाल्याला बोलावून घोडीच्या कानाशी हलगी वाजवायला लावली. घोडीने कान टवकारले, पण पाय हलवला नाही. सौदा झाला.

"हलगी कशाला?" मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले.

"नवरदेव बसायचा हाय तिच्यावर. परण्याच्या टायमाला बँड ऐकून उधळली तर? साज काय, आपल्याला घालायचाच असतो. चाल बघावी, मालक."

हे वाक्य खिशात घालून मी पुढची गाडी पकडली. अहमदपूर, चाकूर करीत दुपारी लातुरात पोचलो.

आधी व्याह्यांची 'विंटेज' पाहिली. लांबलचक नाक, पितळी भोंगा, दोन्ही बाजूंना कढईएवढे दिवे. "साल एकोणीसशे तीस," मालक म्हणाला. मला म्हातारा आठवला. मी दात पाहायचे म्हणून खाली वाकलो, तर खालून एक जुनी जीप माझ्याकडे पाहत होती! मडगार्डवर टिचकी मारली. लोखंडाचा खणखणाट नाही, फायबरचा टकटक आवाज आला.

आता, अस्सल जुन्या गाड्या आपल्या भागाला अपरिचित होत्या असे नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात सहाव्या निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आजही पाहायला मिळते. ती त्याने हौसेने मागवली, पण गाडी येण्यापूर्वीच, १९११ साली, तो निवर्तला. अशी गाडी तुमच्याआमच्या लग्नाला मिळणे नाही. शिवाय २०२१ पासून नियमच असा आहे की पन्नास वर्षांवरील गाडीची 'विंटेज' म्हणून नोंद केली, तर ती प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते, धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणजे भाड्याने मिळणारी 'विंटेज' गाडी सहसा विंटेज नसते, आणि खरी विंटेज असलीच तर ती भाड्याने मिळायला नको! या हिशेबाने दादाची १९७८ ची गाडी कायद्याच्या दृष्टीने अजून पुरती म्हातारीसुद्धा झालेली नव्हती.

आडत्या मित्राचे दुकान गंजगोलाईच्या जवळच. गोलाई ही लातूरची नाभी. १९१७ साली उभी राहिलेली ती वर्तुळाकार इमारत, मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. नवखा माणूस ज्या रस्त्याने येतो, त्याने परत जाईलच याची खात्री नाही. दुकानामागच्या वखारीत, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीआड, ताडपत्रीखाली गाडी उभी होती. मित्राने ताडपत्री ओढली.

ओळख पटायला क्षणही लागला नाही. तेच गुबगुबीत अंग, तेच गोल दिवे. इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डचा हा भारतीय अवतार बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस जन्मला आणि २०१४ साली त्याचे उत्पादन थांबले. पुढची बैठक सलग, बाकासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. या बाकावर दादा, वहिनी आणि मध्ये फ्रॉकातली पुतणी, अशी वरात दर रविवारी गोदावरीच्या घाटावर जात असे.

मी आत बसून दार ओढले. लागेना. पुन्हा ओढले. मित्र हसला. "तसं नाही लागत. जरा वर उचलून ओढावं लागतं. तुमच्या भावानं गाडी देताना एवढंच शिकवलं होतं बघा."

चाल पाहण्यासाठी आम्ही गोलाईला फेऱ्या घातल्या. मुद्दाम बैलाच्या चालीने, बँडमागून चालल्यासारख्या. जुन्या गाडीची खरी परीक्षा वेगात नसते, रांगण्यात असते. गाडी पळत असली की समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड राहतो. रांगू लागली की सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो आणि तोही इंजिनाइतकाच सावकाश फिरत असतो. चौथ्या फेरीला काटा चढू लागला. पाचवीला गाडी आचके देऊन थांबली. मित्राने बॉनेट उघडले, पेट्रोलच्या नळीवर ओले फडके गुंडाळले आणि आम्ही रसवंतीवर जाऊन बसलो. नळीत पेट्रोलची वाफ झाली की ते पुढे सरकत नाही. त्यावर हा घरगुती उतारा. रस संपेस्तोवर गाडी सुरू झाली.

माझा निवाडा तयार झाला होता. नांदेडहून लातूरपर्यंतचा प्रवास वहिनींच्या पसंतीच्या थंडगार गाडीने. उतरण्याच्या जागेपासून कार्यालयापर्यंत, अवघे तीन किलोमीटर, अ‍ॅम्बॅसिडरने. सकाळच्या गारव्यात आणि बँडशिवाय. पंख्याचा पट्टा, पाण्याच्या नळ्या आणि टायर आधी बदलून घ्यायचे. आणि संध्याकाळच्या वरातीला व्याह्यांची पितळी भोंग्यावाली. कोणाचाच मान मोडायला नको.

"भाडं काय घ्याल?" मी मित्राला विचारले.

"खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि मामानं भाचीच्या लग्नात भाडं घेतल्याचं तुम्ही कुठं ऐकलंय?"

व्याह्यांनी थोडे नाक मुरडले. "अ‍ॅम्बॅसिडर? ती तर टॅक्सी हो!" मी म्हटले, "आपल्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. तुमचे निलंगेकर आणि विलासराव, आमचे शंकरराव आणि अशोकराव. पांढरी अ‍ॅम्बॅसिडर दारात थांबली की आपल्याकडे माणसं उठून उभी राहायची, विसरलात?" ते हसले. प्रश्न मिटला.

माघातल्या त्या सकाळी गाडी धुऊनपुसून दारात उभी राहिली. नुसती झेंडूची एक माळ. दुसरा साज नाही. मित्र स्वतः चालवायला बसला. पुतणी शालू सावरीत बाहेर आली आणि मागे न बसता पुढच्या बाकावर मधोमध जाऊन बसली. वहिनी मागच्या गाडीकडे निघाल्या होत्या. नवरा गेलेल्या बाईने शुभकार्यात चार पावले मागे राहायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि राहू नका असेही आमच्यापैकी कोणी म्हटले नव्हते.

"आई," पुतणी शेजारची जागा थोपटत म्हणाली, "तुझी जागा रिकामी आहे."

वहिनी क्षणभर थांबल्या. मग पदर खोचून येऊन बसल्या. दार ओढायला मित्र घाईघाईने खाली उतरू लागला, पण त्याची गरज पडली नाही. वहिनींनी न बघताच दार जरासे वर उचलले आणि ओढले. पहिल्याच खेपेला ते नीट लागले.